मागून येणारं वजन

१

बोटीवर राहणाऱ्यांच्या घरी कडी वाजवावी लागत नाही. कोणी काठावर पाय ठेवला की बोट त्या बाजूला कलते, मग सावरते, आणि आत बसलेल्याला मान वर न करता कळतं की कोणीतरी आलं. चौतीस फुटांच्या शिडाच्या बोटीवर चार वर्षं संसार केल्यावर तिला तर नुसत्या कलण्यावरून माणूस ओळखता यायचा. धक्क्यावरचा रखवालदार दोन झटक्यांत यायचा, कारण त्याचा एक गुडघा वाकत नसे. मेकॅनिक धाडकन यायचा, स्वतःच्याच घरात शिरल्यासारखा. आणि मास्तर, म्हणजे तिचा नवरा, आधी डावा पाय ठेवायचे, हातातली पिशवी आत टेकवायचे आणि मग उजवा उचलायचे. बोट आधी अर्धी कलायची, क्षणभर थांबायची, मग पुरती कलायची आणि हळूच सरळ व्हायची. तेवढ्यात ती पातेल्यात पाणी ओतून मोकळी झालेली असायची.

मास्तरांनी तीस वर्षं तंत्रशाळेत पोरांना कानस चालवायला शिकवलं होतं. ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती, बाजार पालथे घालून दुकानदारांचे काटे तपासायची. मास्तर तिला अजूनही ‘साहेब’ म्हणत, आणि साहेबांच्या हुकमाशिवाय घरात मीठसुद्धा मोजलं जात नाही, असं येईल त्याला सांगत. मास्तरांचं वजन ब्याऐंशी किलो. हे ती झोपेतून उठवलं तरी सांगू शकली असती.

या शहरात ती दोघं सुकाणूच्या दुरुस्तीसाठी थांबली होती, चार दिवसांच्या बोलीवर. सुटा भाग दुसऱ्या आठवड्यात आला, तिसऱ्या आठवड्यात बसला, आणि आता सातवा आठवडा चालू होता. पाय निघत नव्हता तो मास्तरांचा. शहर होतंच तसं. धक्क्यापासून वर चढत गेलेले दगडी पायऱ्यांचे रस्ते, पायरीपायरीवर दुकान, प्रत्येक चौकात कोणीतरी वाजवतंय, कोणीतरी गातंय, खिडकीतून खिडकीत गप्पा चाललेल्या. दुपारी चार वाजले की मास्तर पिशवी उचलायचे आणि सहाला परत यायचे. कधी टोमॅटो आणायचे, कधी पाव, कधी नुसतीच एखादी नवी चाल, शिटीवर.

तिचा जीव मात्र कॅलेंडरात अडकला होता. लेकीचे दिवस भरत आले होते. लेक राहायची ते बेट इथून नऊ दिवसांच्या वाटेवर. आगबोट महिन्यातून एकदा, आणि तीही या बंदरातून सुटत नसे. जावई दूर समुद्रात तेलविहिरीवर कामाला, त्याला रजा नव्हती. मागच्या खेपेला बाळ वेळेआधी आलं होतं, आणि ही दोघं वारा पडल्यामुळे भर समुद्रात अडकून पडली होती. पोचली तेव्हा आठवडा उलटून गेला होता. लेकीने दार उघडलं, आत पाळणा रिकामा होता, आणि ती रडलीसुद्धा नाही. मास्तर त्यावर कधी बोलले नाहीत. पण या वेळी त्यांनी फोनवर लेकीला शब्द दिला होता, ‘बाळ यायच्या आधी मी तुझ्या दाराशी असेन.’

आता चोवीस दिवस उरले होते. त्या दिवशी ती केबिनमधल्या टेबलाशी शिडाचं फाटलेलं आवरण शिवत बसली होती. पुढ्यात काठोकाठ भरलेला चहाचा पेला होता.

“आलो बरं का साहेब,” मास्तर म्हणाले.

तिने दचकून वर पाहिलं. मास्तर पायऱ्यांवर उभे होते, हातात पिशवी, चेहऱ्यावर हसू. बोट कललेली तिला कळली नव्हती. तिने पेल्याकडे पाहिलं. चहावर साय धरली होती आणि तिला एक सुरकुतीही पडली नव्हती.

“कधी आलात?”

“हा काय आत्ता. अगं, आज चौकात काय वाजवत होते ते लोक!” आणि त्यांनी टेबलावर बोटांनी ताल धरला.

आपलं लक्ष नसेल, असं म्हणून तिने सुई पुन्हा टोचली. दोन टाके झाले असतील. बोट अर्धी कलली, क्षणभर थांबली, मग पुरती कलली आणि हळूच सरळ झाली. चहा बशीत सांडला.

तिने बाहेर डोकं काढलं. काठावर कोणी नव्हतं, जेट्टी मोकळी होती. आत मागे मास्तरांनी मोठा सुस्कारा सोडला, धपकन गादीवर बसले आणि कपाळ चोळत म्हणाले, “लेकीचा फोन आला होता का गं?”

२

भुताखेतांना भिणारी ती बाई नव्हती. नोकरीत तिने आतून पोकळ केलेली वजनं पाहिली होती, पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण पाहिलं होतं, आणि एकदा तर काट्याच्या पेटीत पाळलेला उंदीर. काट्यात खोट निघाली की तिच्यामागे कोणाचा तरी हात निघायचाच, हा तिचा अनुभव होता. त्यामुळे रात्री निजताना तिने ठरवून टाकलं की एखादी प्रवासी लाँच जवळून गेली असणार आणि तिची लाट लागली असणार.

पण लाट काही अर्ध्यावर थांबून पिशवी ठेवत नाही. हेही तिला माहीत होतं, आणि माहीत असल्याचा रागही येत होता.

दुसऱ्या दिवशी ती घड्याळ घेऊन बसली. मास्तर आले सहाला. बोट हलली नाही. बोट कलली ती सहा वाजून चार मिनिटांनी. तिने बोटीच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने चार लिहिलं. मंगळवारी अकरा. शुक्रवारी पन्नास. पुढच्या आठवड्यात तो आकडा दोन तासांच्या पलीकडे गेला.

मधल्या त्या वेळात ती मास्तरांना चोरून न्याहाळायची. ते गादीवर बसायचे आणि गादी फुगीरच राहायची. केबिनमधली तिसरी फळी चार वर्षं त्यांच्या पायाखाली कुरकुरत आली होती, ती आता गप्प असायची. मास्तर मात्र भलतेच खुशीत. गाणी म्हणायचे, तिच्या हातातून झारा काढून घ्यायचे, एवढ्याशा जागेत तिला गरकन फिरवायचे. कंबर दुखते म्हणायचे नाहीत, डोळ्यांत थेंब टाकायची आठवण लागायची नाही. लग्नाच्या वेळी होते अगदी तसे. खोटं कशाला बोला, तिला ते आवडलंही. एका संध्याकाळी ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तिला एकदम जाणवलं की आपल्या खांद्यावर ठेवलेला त्यांचा हात लागतच नाहीये. ऊब होती, भार नव्हता.

मग केव्हातरी बोट कलायची. वरून पावलं यायची, एकेका पायरीवर थांबत, तिसरी फळी कुरकुरायची, आणि मास्तर जिथे असतील तिथे खाली बसायचे. चेहरा उतरायचा. ते पुन्हा तिचे व्हायचे.

३

लेकीचा फोन आला तो नेमका त्या मधल्या वेळात. ती वर दोरीवर कपडे वाळत घालत होती, तोवर मास्तरांनी उचललासुद्धा.

“कोण? हां हां, बोल की! आम्ही एकदम मजेत. यायचं? येऊ गं, घाई काय आहे? काय म्हणालीस?” मास्तर कुतूहलाने ऐकत होते, शेजाऱ्याची बातमी ऐकावी तसे. “मागच्या वेळी? का, मागच्या वेळी काय झालं होतं?”

ती दोन पायऱ्या एकदम उतरली आणि तिने फोन हिसकावून घेतला.  पलीकडून लेक अगदी हळू म्हणाली, “आई, बाबांना काय झालंय?”

“काही नाही गं. आवाज नीट येत नाहीये त्यांना. आम्ही निघतोच आहोत.”

“नक्की ना?”

“नक्की.”

वजन यायला त्या दिवशी साडेतीन तास लागले. आलं तसे मास्तर खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड लपवून राहिले. 

“मी काय बोललो गं तिला?”

म्हणजे त्यांना कळत होतं.  आजवर तिला वाटत होतं की हा खेळ आपण एकटीच बघतोय.

“अहो, होतंय तरी काय तुम्हाला?”

“काय सांगू? तिकडे वर गेलं ना, की फार बरं वाटतं. पायऱ्या चढताना धाप लागत नाही. सगळे कसे मोकळे वागतात. डोक्यात काही म्हणजे काही राहत नाही.” त्यांनी तिचा हात घट्ट धरला. या वेळी तो चांगला जड लागला. “आणि परत येताना वाटतं, मागून कोणीतरी हाका मारत येतंय आणि आपण थांबत नाही आहोत.”

“मग जाऊ नका ना.”

“नाही जाणार. तुझी शपथ.”

दुसऱ्या दिवशी चार वाजता ते शीळ घालत पिशवी शोधायला लागले. ती समोर आडवी उभी राहिली. त्यांनी तिला प्रेमाने बाजूला केलं, आणि ती कशी बाजूला झाली हे तिला कळलंच नाही.

४

त्या दिवशी ती त्यांच्या मागोमाग गेली.

एरवी ती सकाळी सामान आणण्यापुरतीच शहरात जायची. दुपारचं शहर तिने नीट पाहिलं नव्हतं. गर्दीत खांद्याला खांदा लागत होता. लागत होता म्हणजे लागायला हवा होता. लोक तिच्या अंगावरून जात होते, माफ करा म्हणत होते, आणि तिला एकाचाही धक्का बसत नव्हता. लाकडी पादचारी पुलावरून पन्नासएक माणसं येत-जात होती. पुलावर तिच्या एकटीच्या चपला वाजत होत्या.

मास्तर झपझप पुढे चालले होते. संधिवाताचा माणूस, पण दोन-दोन पायऱ्या गाळत होता. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला रस्ता पुन्हा पाण्याशी उतरला. तिथे पिंपांवर फळ्या ठोकून एक मोठा तरंगता चौथरा केला होता, साखळ्यांनी काठाला बांधलेला. त्यावर वादक बसले होते आणि त्यांच्याभोवती लोक नाचत होते. म्हाताऱ्या बायका, मुलांना कडेवर घेतलेले बाप, खानावळीचे वाढपी, सगळे. मास्तर सरळ आत घुसले. कोणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. ओळख जुनी असावी.

ती काठावरच्या कठड्याला टेकून उभी राहिली. सुरेख वाजवत होते. पाच मिनिटं तिलाही बरं वाटलं. आणि मग तिच्या खात्यातली जुनी सवय जागी झाली.

अशा चौथऱ्याच्या पिंपांवर रंगाचा पट्टा ओढलेला असतो. चौथरा रिकामा असताना पाणी त्या पट्ट्याच्या खालच्या कडेला असतं. माणसं चढतील तसा पट्टा बुडत जातो, आणि पुरता बुडाला की नव्याला चढू देत नाहीत. तिने माणसं मोजली. दीडशेच्या आसपास होती, आणि तालावर सगळी एकदम उड्या मारत होती.

पट्टा सगळाच्या सगळा कोरडा होता. पाण्यावर तरंगही नव्हता. एक समुद्रपक्षी येऊन चौथऱ्याच्या कोपऱ्यावर बसला, तसा तो कोपरा किंचित खाली गेला.

 तिने मोठ्याने हाक मारली, “अहो!”

चौथऱ्यावरच्या सगळ्याच पुरुषांनी हसतमुखाने वळून पाहिलं.

५

मास्तर तिला बघून खूश झाले. बायको न्यायला आली याचं त्यांना कौतुक वाटलं. परतताना तिने त्यांना जहाजी सामानाच्या दुकानात नेलं. तिथे नांगराच्या साखळ्या तोलायला जमिनीत बसवलेला लोखंडी काटा होता. त्याच्या तबकडीएवढी मोठी तबकडी तिने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

“उभे राहा बघू यावर.”

“साहेबांनी धाड घातली वाटतं,” मास्तर दुकानदाराला म्हणाले आणि गंमत म्हणून उभे राहिले.

काटा शून्यावर होता. तो शून्यावरच राहिला.

“बिघडलाय,” मास्तर हसले, खाली उतरले आणि रंगीत दोऱ्यांची रिळं बघायला आत गेले.

तिने कोपऱ्यातलं वीस किलोचं वजन उचलून काट्यावर ठेवलं. काटा बरोबर वीसवर जाऊन थांबला. तिने ते काढून पुन्हा ठेवलं. पुन्हा वीस. काटा बिनचूक होता. एरवी तिने डोळे झाकून त्याला दाखला दिला असता.

दुकानदार गल्ल्यामागे उभा होता. साठीचा माणूस, अंगावर कातडी एप्रन. त्याने काट्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं.

“येतंय ना अजून?” त्याने हळू आवाजात विचारलं.

 तिने होकारार्थी मान हलवली.

“मग थांबू नका, बाई. यायचं बंद झालं की...” तो बोलायचा थांबला, कारण मास्तर रीळ घेऊन परत येत होते. त्याने एप्रन सारखा केला. खिसे शिशाच्या गोळ्यांनी भरलेले होते, मासेमारीच्या जाळ्याला लावतात तसल्या. कडेच्या शिवणीतही त्या ओळीने भरून शिवल्या होत्या. तो रीळ बांधायला वळला तेव्हा जमिनीवर त्याची पावलं उगाचच जपून पडत होती, आणि पडताना पक्का आवाज करत होती.

६

त्या रात्री वजन आलं नाही.

ती टेबलाशी बसून राहिली. मास्तर पुढच्या केबिनमध्ये बिनघोर झोपले होते, पांघरुणावर, आणि पांघरूण न चुरगळता. लेकीला काय सांगायचं याची तिने मनातल्या मनात दहा वाक्यं केली आणि दहाही खोडली. उजाडलं. सात वाजले. मग बोट अर्धी कलली, आणि किती तरी वेळ तशीच राहिली. वर येणाऱ्याला दुसरा पाय उचलवत नसावा. शेवटी ती पुरती कलली. पायऱ्यांवरून पावलं उतरली. ती टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसली. तिसरी फळी कुरकुरली, तिच्याजवळून जाताना कोणीतरी दमलेला श्वास टाकला, आणि पुढच्या केबिनमध्ये पलंग करकरला.

मास्तर डोळे चोळत बाहेर आले. एका रात्रीत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. ती उठून त्यांच्या गळ्यात पडली.

“आज निघायचं,” ते म्हणाले. “आत्ता.”

“तुम्ही जेट्टीवर पाय ठेवायचा नाही.”

“नाही ठेवत.”

बंदरातून बाहेर पडायची त्यांची एक ठरलेली रीत होती. सुकाणूवर ती, दोरांवर मास्तर. बाहेरची वाट अरुंद, त्यातून लाँचेस सतत आडव्या जाणार, म्हणून तिने नजर समोरून हलवायची नाही. मास्तरांनी शेवटचा दोर सोडून आत पाय ठेवला की बोट कलायची, आणि त्या कलण्यावर तिने इंजिन पुढे टाकायचं. चार वर्षांत एकदाही हाक मारावी लागली नव्हती. आज मात्र तिने दोर जेट्टीच्या कड्यांतून ओवून दोन्ही टोकं बोटीवरच बांधून घेतली, म्हणजे एक टोक सोडून दोर आतूनच ओढून घेता येईल. मास्तरांना उतरायची गरजच नको.

नऊ वाजता तिने इंजिन चालू केलं. पुढचा दोर सुटला, मधला सुटला. मागचा सरकता सरकता कड्यात अडकला.

“झटका द्या,” ती समोर बघत ओरडली.

“देतोय. पीळ बसलाय त्याला.”

“कापा मग! सुरी आहे तिथे.”

“अगं, नवा कोरा दोर आहे. एक सेकंद.”

“अहो, नको!”

बोट हलकी होऊन वर उचलली गेली. मास्तर उतरले होते. समोरून एक लाँच वळत होती, तिच्यावरची नजर काढणं शक्य नव्हतं. ओहोटीने बोटीचं तोंड बाहेरच्या बाजूला ओढायला सुरुवात केली होती. तिने सुकाणूचं चाक इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली. मागे कड्यावर लोखंड वाजलं. दोर सुटल्याचा आवाज आला. 

बोट अर्धी कलली. थांबली. मग पुरती कलली.

आले. तिचा जीव भांड्यात पडला, आणि हाताने सवयीप्रमाणे इंजिन पुढे टाकलं. लाँच गेली, पाणी मोकळं झालं, जेट्टी मागे पडायला लागली.

“अगं ए!” लांबून हाक आली. “अगं, मी इथे आहे!”

७

तिने मागे पाहिलं.

मास्तर जेट्टीच्या टोकावर उभे होते, हातात दोराचं वेटोळं. मध्ये चार बोटी मावतील एवढं पाणी झालं होतं. आजवर आधी मास्तर यायचे आणि मग त्यांचं वजन. आज पहिल्यांदाच उलटं झालं होतं.

तिच्या मागच्या बाकावरची गादी खोल दबलेली होती. बाक रिकामा होता. गादीच्या कडेला, जिथे बसलेला माणूस हात टेकवतो, तिथे आणखी एक लहानसा खळगा होता.

माघारी जायला हवं होतं. कोणीही गेलं असतं. तिचा हात इंजिनच्या दांड्यावर होता आणि हलत नव्हता. जेट्टीवर उभा होता तो तिचा नवरा, तेच नाक, तोच उसवलेला खिसा जो ती आज शिवणार होती. पण तोच लेकीला म्हणाला होता, मागच्या वेळी काय झालं होतं. आणि मागच्या वेळी ज्याचं काळीज फाटलं होतं, तो रात्रभर चालून आज सकाळी बोटीवर आला होता आणि आत्ता तिच्या मागे बसला होता. तिला दोघंही हवे होते. तिला रडू फुटलं.

जेट्टीवरच्या मास्तरांनी एकदा पायांकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. मग काहीतरी सोपंसं सुचल्यासारखं ते हसले आणि त्यांनी पाऊल पुढे टाकलं.

पाणी दबलं नाही. त्यांनी दुसरं पाऊल टाकलं. रहदारी नसलेला रस्ता ओलांडावा तसे ते चालत येऊ लागले, दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून, चौकातली चाल शिटीवर वाजवत. बुटांचे तळवे कोरडे असावेत.

तिने झटक्यात तोंड समोर फिरवलं. दांडा पुढे रेटायचा की मागे ओढायचा, कळेना. शेवटी हाताने आपलं आपणच केलं. इंजिन मोकळं झालं, बोट नुसती वाहत राहिली. शिटी जवळ येत गेली.

मागच्या गादीतून कोणीतरी उठलं. सावकाश, गुडघ्यांवर हात देत. पावलं बोटीच्या मागच्या टोकाकडे गेली आणि ते टोक पाण्यात हातभर खाली बसलं. कठड्यावरून कोणी पुरतं बाहेर वाकलं, खाली असलेल्याला हात द्यायला, तर बसेल तसं.

शिटी थांबली.

ती वाट बघत राहिली. बोट कलली नाही. कलणारही नव्हती. वर चढणाऱ्याला वजनच नव्हतं, तेव्हा तो चढला की नाही, हे बोट तिला सांगणार नव्हती. त्यासाठी वळूनच बघायला हवं होतं, आणि मान वळत नव्हती. बंदराच्या तोंडाशी दोन दिवे होते, एक लाल, एक हिरवा. दिवसाउजेडी विझलेले. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

“वा, काय छान हवा सुटलीय!” डाव्या कानाशी मास्तर म्हणाले. अगदी जवळ, ताजे, हसरे. “साहेब, कुठे निघालोय आपण?”

 

मागचं टोक हळूहळू वर आलं. जड पावलं तिच्या उजव्या बाजूला येऊन थांबली, तशी बोट त्या बाजूला कलली. तिच्या उजव्या खांद्यावर भार पडला, ओळखीचा, ब्याऐंशी किलोंच्या माणसाच्या हाताचा. त्याला धाप लागली होती. त्याने श्वास गोळा केला आणि त्याच आवाजात, मास्तरांच्याच आवाजात, सांगितलं.

“लेकीकडे.”

डावीकडचे मास्तर ऐकत होते.  तिने डोळे पुसले नाहीत आणि मानही वळवली नाही. लाल आणि हिरव्याच्या बरोबर मध्ये बोटीचं तोंड धरलं आणि इंजिन पुढे टाकलं.